ज्याचा टॅग, त्याचाच हात

१

साइटवर पोचले की मी आधी खिळे बघते. चहा, हजेरी, कोणी कोणाला काय बोललं याच्या तक्रारी, सगळं नंतर. छतावर चढायच्या शिडीपाशी एक पाटी आहे, विजेच्या पॅनेलपाशी एक आणि आग विझवायचं पाणी साठवायला जी जमिनीखालची टाकी आहे, तिच्या तोंडापाशी एक. पाट्यांवर खिळे आणि खिळ्यांवर टॅग. जुन्या छताच्या पत्र्यातून कापलेल्या गोल चकत्या, त्यावर ज्यानं त्यानं आपल्या हातानं रंगानं लिहिलेलं आपलं नाव. आत जाताना आपला टॅग अडकवायचा, बाहेर आला की आपणच काढून खिशात टाकायचा. खिळ्यावर टॅग आहे तोवर त्या जागेचं बटण दाबायचं नाही, झाकण लावायचं नाही, पाणी सोडायचं नाही.

हा कायदा माझा नाही, माझ्या बापाचा आहे. बळीराम नाव त्यांचं. जन्म विदर्भातला, पण उभी हयात भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या मेंटेनन्सच्या कामात गेली. भट्टीच्या पोटात, पाइपांच्या आत शिरायचं काम. रिटायर झाले तरी सेक्टर २ चं क्वार्टर आणि हा कायदा काही सुटला नाही. आमच्या न्हाणीची कडी तुटली तेव्हा कडी बसवायची सोडून त्यांनी दाराला खिळा मारला होता. आंघोळीला जाईल त्यानं आपली फणी अडकवायची. आईची फणी लटकत असली की बाबा दारासमोर उभे राहायचे, पण फणीला हात लावायचे नाहीत. "ज्याचा टॅग, त्याचाच हात," असं म्हणायचे. आम्ही हसायचो.

माझं काम सांगायला सोपं, करायला रक्त आटवणारं. मुंबईच्या काही गुंतवणूकदारांनी भिलाईलगत हथखोजच्या बाजूला खत-सिमेंटचं एक जुनाट गोदाम विकत घेतलं. ते आतूनबाहेरून नवं करायचं आणि ऑनलाइन सामान पाठवणाऱ्या एका कंपनीला भाड्यानं द्यायचं. नवं छत, ट्रक लागायचे नवे धक्के, गाड्या पळवायला गुळगुळीत काँक्रीटची फरशी, पंप, पाइप, सगळं. पैसे त्यांचे, सबबी ठेकेदारांच्या, आणि मधे मी, दीक्षा. टॅगच्या पाट्या लावल्या तेव्हा मजूर म्हणाले, मॅडमनं घरचा कायदा आणला. मी म्हटलं, आणला. तुमची आई दारात वाट बघते ना, मग लटकवा.

आमच्या साइटवर तोवर कोणाच्या बोटाला खरचटलंही नव्हतं. मला त्याचा गर्व होता. उगाच कशाला खोटं बोलू.

२

त्या दिवशी टाकीला आतून पाणी न झिरपण्याचा लेप देऊन झाला. लेपवाल्यांची टोळी दुपारीच सामान आवरून पिकअपमध्ये बसून राजनांदगावला निघून गेली. दुसऱ्या दिवशी गीतांजली मॅडम मुंबईहून येणार होत्या. त्या गुंतवणूकदारांच्या वतीनं काम बघतात. त्यांच्यासमोर पंपांची चाचणी व्हायची होती आणि चाचणीला भरलेली टाकी लागते. चाचणी चुकली असती तर भाडेकरू रायपूरकडचं दुसरं गोदाम घ्यायला मोकळा होता. म्हणजे संध्याकाळी बोअर आणि टँकर दोन्ही लावून पाणी सोडायलाच हवं होतं.

माझा साइट सुपरवायझर प्रफुल टँकरपाशी उभा होता. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरातला, दोन लेकरांचा बाप, सरळ माणूस. त्यानं मला हाक मारली. टाकीच्या पाटीवरचे सगळे खिळे रिकामे होते. फक्त एकावर टॅग होता.

टॅगवर नाव नव्हतं. रंग उडालेला नव्हता, घासून काढलेला होता. राखेनं भांडं घासतात तसा पत्रा स्वच्छ. प्रफुलनं सगळ्यांना चहाला गोळा केलं, माणसं मोजली, सगळी होती. लेपवाल्या ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, माझे सगळे गाडीत आहेत, गाणी म्हणतायत, ऐकवू का?

"मॅडम, भूल गया होगा कोई," प्रफुल म्हणाला. "टँकरवाला बोंबलून राहिला. काय करू?"

मी टाकीच्या तोंडाशी वाकले. आत काळोख आणि ओल्या सिमेंटचा वास. एक हाक मारायची होती. एवढंच. "कोणी आहे का" म्हणायला काय लागतं? मी नाही मारली. आणि का नाही मारली, तेही मला तेव्हाच ठाऊक होतं. आतून "आहे" असं उत्तर आलं असतं तर पाणी थांबवावं लागलं असतं. मला उत्तर नको होतं.

मी हात लांब केला आणि टॅग काढला. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा टॅग. डिसेंबरची संध्याकाळ होती, टाकीचं लोखंडी झाकण बर्फासारखं गार पडलेलं, आणि तो पत्रा मात्र कोमट होता. कोणाच्या तरी मुठीतून आत्ताच सुटलेला. प्रफुल माझ्या हाताकडे बघत होता.

"भरा," मी म्हणाले.

३

रात्री जेवायला बसलं की बाबा मला एकच गोष्ट विचारतात. कामावर लागले तेव्हापासून विचारतात. पगार वाढला का, साहेब कसा आहे, कधी नाही. ताटावर बसायचं, हात धुतलेले असतात, पहिला घास मोडायच्या आधी विचारायचं.

"सगळ्यांचे टॅग उतरले, पोरी?"

"हो बाबा."

खोटं नव्हतंच ते. टॅग उतरला होता. कोणी उतरवला हे त्यांनी विचारलं नाही, कारण हे विचारावं लागतं हेच त्यांच्या डोक्यात नाही. त्यांनी मान हलवली आणि घास मोडला. आई म्हणाली, तू कावून खाऊन नाही राहिली? मी म्हटलं, साइटवर समोसा खाल्ला. समोसाही खाल्ला नव्हता.

बाबा एक घास तोंडात ठेवून मजेत चावत होते. मला त्या चावण्याचा राग आला. माझ्यावर इतका भरवसा ठेवायला यांना सांगितलं कोणी?

४

चाचणी पास झाली. नळ सोडले तसं पाणी गोदामाच्या छताला लागलं, गीतांजली मॅडमनी फोटो काढले, प्रफुलनं सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणले. पंप बंद केला आणि लोक पांगले. मी पंपघरात एकटी राहिले, टाकीतून येणाऱ्या जाड पाइपाशेजारी.

पाइपात ठोका पडला.

पाणी अचानक थांबलं की पाइप ठोके देतात. हे कोणीही सांगेल, मी स्वतः दहा जणांना सांगितलं आहे. मी थांबले. पुन्हा ठोका पडला, मग थोडं थांबून दोन सलग. पंप बंद होऊन बराच वेळ झाला होता. पाइपातलं पाणी केव्हाच निवळलं असणार.

बाबा सांगायचे, भट्टीच्या आत असलं की आवाज बाहेर येत नाही. मग आतला माणूस पान्यानं भिंतीवर मारतो आणि बाहेरचा तसंच उत्तर देतो. म्हणजे आतल्याला कळतं, बाहेर कोणीतरी आहे.

भिंतीला पाना टांगलेला होता. तो मी उचलला, आणि आमच्या घरात देव-भूत काही नाही, हे मनातल्या मनात म्हटलं. आमच्या भिंतीवर बुद्ध आहेत आणि बाबासाहेब आहेत. लहानपणी प्लांटच्या आगीनं आभाळ लाल व्हायचं तेव्हा मी भ्यायची, तर बाबा मला खांद्यावर घेऊन गच्चीवर न्यायचे आणि म्हणायचे, बघून घे नीट, भीती बघितली नाही तर वाढते. मी पाइपावर पाना मारला. एकदा, थोडं थांबून दोनदा.

आतून तसंच उत्तर आलं. घाईघाईनं.

मी पाना जागेवर टांगला, पंपघराचं दार ओढलं आणि मॅडमना सोडायला गाडीकडे गेले. त्यांच्याशी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलले. खरंच बोलले. आतल्याला आता कळलं होतं की बाहेर कोणीतरी आहे, आणि मी मात्र खड्ड्यांबद्दल बोलत होते.

५

तो टॅग मी भंगाराच्या ढिगात फेकला होता. दुसऱ्या सकाळी तो खिळ्यावर होता.

प्रफुलवर मी इतकी ओरडले की चारचौघं थांबून बघायला लागले. त्यानं लेकरांची शपथ घेतली. मी पुन्हा फेकला, या वेळी कंपाउंडच्या पलीकडे. तो पुन्हा खिळ्यावर. तिसऱ्यांदा मी कोणाला विचारलंच नाही. नुसतं बोट लावून बघितलं. कोमट.

टाकीच्या वर जमिनीतून एक वाकडा पाइप बाहेर काढलेला असतो, हवा खेळायला. सकाळी त्यातून वाफ यायची. खालचं पाणी हिवाळ्यात वरच्या हवेपेक्षा ऊन असतं, वाफ येणारच. पण पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पट्टी अडकली होती, सिमेंटच्या पिशवीची. ती आत ओढली जायची, मग बाहेर फुगायची. आत. बाहेर. वारा पडलेला असतानाही.

दुर्गा म्हणून एक रेजा आहे आमच्याकडे, माती-विटा वाहते. दुपारच्या भाकरीला बायका त्या टाकीवरच्या उन्हात बसायच्या. त्या उठून भिंतीपलीकडच्या सावलीत जाऊन बसल्या, थंडीत. मी दुर्गाला विचारलं, का गं? तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"भीतर मं कोनो हे, दीदी," ती म्हणाली. आत कोणीतरी आहे. भाकरी बांधली आणि निघून गेली.

मी गीतांजली मॅडमना फोन लावला. टाकी एकदा रिकामी करून बघावी म्हणते, असं सांगितलं. त्या चांगल्या बाई आहेत, चिडल्या नाहीत. पाणी काढलं तर चाचणी पुन्हा करावी लागेल आणि भाडेकरू सोमवारी चाव्या घेतोय, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

"कारण सांग दीक्षा. मी वरच्यांशी बोलते. पण काहीतरी कारण दे मला."

कारण एकच होतं. मी दुसऱ्याचा टॅग काढला आणि हाक मारली नाही. तेवढं सांगायला जीभ उचलेना. माझ्या बापाच्या नावानं मिरवलेला कायदा मीच मोडला, हे मुंबईला सांगायचं?

"काही नाही मॅडम," मी म्हणाले. "उगाच वाटलं."

६

माल उतरवायच्या धक्क्याजवळ फरशीचा एक चौकोन उखडला होता, तो त्या दुपारी नव्यानं ओतायचा होता. काँक्रीट पडलं, माणसं फळी मारून सपाट करत होती. मी खिळ्यावरचा टॅग काढून आणला, सगळे पलीकडच्या कडेला असताना ओल्या काँक्रीटवर ठेवला आणि अंगठ्यानं खाली दाबला. तो सहज गेला. वरून मी बोटानं खळगा बुजवला. मागून फळी आली, पॉलिशचं यंत्र आलं, आणि सकाळपर्यंत ती फरशी चकचकीत झाली.

या वेळी टॅग परत आला नाही. पाइपातले ठोके बंद झाले. वाफही थांबली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी टाकीवर जाऊन बघितलं. प्लास्टिकची पट्टी पाइपाच्या तोंडात आत ओढलेली होती, घट्ट. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. ती बाहेर फुगली नाही. दवानं चिकटली असेल, मी म्हटलं. दुपारी ऊन आलं, दव वाळलं. पट्टी तशीच आत.

कोणीतरी श्वास ओढून धरला होता आणि तो सोडायची परवानगी माझ्याकडे होती. ती मी फरशीत गाडून आले होते.

७

शनिवारी रात्री ताटावर बाबांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून "हो" निघेना. मी रडले नाही. सरळ सांगून टाकलं, भाजीची वाटी हातात धरून. नाव नसलेला टॅग, तो कोमट होता ते, मी मारली नाही ती हाक, पाइपातले ठोके. फरशीचं मात्र नाही सांगितलं. तेवढं पोटातच राहिलं.

मला वाटलं होतं, ते ताट सारतील. ते नुसते ऐकत बसले. आई म्हणाली, माणसं मोजली ना सगळी? मंग झालं, काहाले जीव जाळते? बाबांनी हातानंच तिला थांबवलं.

"बाबा, भूत वगैरे मी मानत नाही," मी म्हणाले.

"भूत-फूत काही नसते," ते म्हणाले. "पण टॅग होता ना खिळ्यावर?"

"होता."

"मंग माणूस आहे."

त्यांनी ताट संपवलं. अन्न टाकत नाहीत ते. मग पलंगाखालून आपले सेफ्टी शूज काढले, जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसले आणि दाराशी ठेवले. दाराच्या खिळ्याला घराच्या चाव्यांबरोबर त्यांचा प्लांटमधला टॅग लटकतो, अॅल्युमिनियमचा, ठोकून बळीराम लिहिलेला. तो त्यांनी काढून स्वेटरच्या खिशात ठेवला.

"तुमचं वय काय आणि टाकीत उतरता काय?" मी म्हटलं. "मी उतरते."

"तू वरचा माणूस," ते म्हणाले. "वरच्या माणसानं जागा सोडायची नाही. येवढं केलं तरी पुष्कळ."

८

रविवारी सकाळी साइटवर गेटवरचा चौकीदार सोडून कोणी नव्हतं. बाबा गाडीत नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले होते, पुढं. मी पंप चालू केला आणि टाकीचं पाणी नाल्यात सोडलं. कोणाला विचारलं नाही. पंपाच्या आवाजात मला वाटत होतं, चला, नोकरी गेली. त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. पाणी खाली जात होतं आणि मला हलकं होत होतं.

पंपानं ओढलं तेवढं ओढलं, तळाला घोटाभर उरलं. बाबांनी टाकीच्या दोन्ही टोकांची झाकणं उघडायला लावली, एकात पंखा लावून हवा आत सोडायला लावली, मग दोरीनं कंदील खाली सोडून ज्योत विझते का ते बघितलं. सगळं रीतसर. आईनं विणलेला तपकिरी स्वेटर, पायात शूज, कमरेला टॉर्च. त्यांनी आपला टॅग खिळ्यावर अडकवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिडीनं उतरले. त्यांचं टक्कल अंधारात गेलं.

मी तोंडाशी बसले. टॉर्चचा उजेड भिंतींवरून फिरत होता. पाण्यातली पावलं ऐकू येत होती, चपक, चपक. ती लांब गेली आणि थांबली.

मग बाबा बोलायला लागले. भ्यालेले नव्हते, ओरडत नव्हते. शिफ्ट सुटताना जोडीदाराशी बोलावं तसे. शब्द नीट कळत नव्हते, मधे थांबत होते, जसं समोरचा बोलतोय आणि हे ऐकतायत. एकदा हसलेसुद्धा. मग पावलं परत यायला लागली, चपक, चपक, आणि त्यांच्यात थोडी मागून अजून काही पावलं. टाकीत प्रतिध्वनी येतोच.

"पाय सांभाळून ठेव," बाबा खाली म्हणाले. "शिडी वली आहे."

त्यांचं डोकं वर आलं. दोन्ही हात त्यांनी तोंडाच्या कडेवर टेकले. चेहऱ्यावर समाधान होतं, मोठं काम झाल्यावर असायचं तसं. मी त्यांच्या खांद्यावरून खाली बघितलं. त्यांचे दोन्ही हात माझ्यासमोर होते. खाली शिडीच्या पायरीवर एक हात होता. पांढरा, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. मी डोळे मिटले.

"त्याचा टॅग दे, पोरी," बाबा म्हणाले. "लावतो खिळ्यावर. तो काढन आपल्या हातानं, मंग झालं."

मी गोदामाच्या धक्क्याकडे बघितलं.

"दीक्षा. टॅग कुठं आहे त्याचा?"

"फरशीत," मी म्हणाले. "काँक्रीटमध्ये दाबला मी. बाबा, मला माफ करा."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. गार हात.

"मंग तो कसा येईन बाहेर?" ते म्हणाले. मला नव्हतं विचारलं. स्वतःशीच.

आणि ते पुन्हा खाली गेले. मी "बाबा" म्हणून ओरडले तरी गेले. खाली थोडा वेळ बोलणं चाललं, हलकं, समजूत घालणारं. मग ते थांबलं. मग शिडी वाजली.

९

वर आले ते बाबाच होते. तोच तपकिरी स्वेटर, तेच शूज, कानामागे तोच चामखीळ. कडेला बसून त्यांनी श्वास घेतला, लांब, लांब, कितीतरी वेळ. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे हात हातात घेतले. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. खाली घोटाभर पाणी होतं, त्यात चाचपडले असतील, भिजणारच.

ते उठले आणि गाडीकडे चालायला लागले. पाटीजवळून गेले. थांबले नाहीत.

"बाबा, टॅग राहिला तुमचा."

त्यांनी वळून खिळ्याकडे बघितलं. अॅल्युमिनियमच्या त्या चकतीकडे, जी ते उभ्या हयातीत एक दिवसही विसरले नाहीत. मग माझ्याकडे बघितलं. नजर खाली, अदबीनं.

"तो माझा नोहे, मॅडम," ते म्हणाले. "ज्याचा आहे तो काढन."

गाडीचं मागचं दार उघडून ते मागच्या सीटवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. मजूर बसतात तसे, गादीला पाठ न लावता.

मी खिळ्यापाशी गेले. ठोकलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं, बळीराम. टॅग कोमट होता.

मी टाकीच्या तोंडाशी धावले, पालथी पडले आणि आत डोकं घातलं. खाली पाण्यात टॉर्च पडली होती, अजून पेटलेली. चारही भिंती दिसत होत्या. कोणी नव्हतं. जी हाक मी त्या दिवशी मारायला हवी होती, ती आज मारली.

"बाबा, आत कोणी आहे का?"

आधी नुसतं थेंबांचं टपटप. मग उत्तर आलं. शांत, ताटावरून विचारावं तसं.

"सगळ्यांचे टॅग उतरले, पोरी?"

मी मागं वळून बघितलं. गाडीच्या काचेआड आईनं विणलेला स्वेटर दिसत होता.

"नाही बाबा," मी म्हणाले. "एक राहिला."

"मंग थांबतो मी," ते म्हणाले.

तेव्हापासून मी इथं बसले आहे. ऊन कलायला लागलं. चौकीदारानं प्रफुलला कळवलं असावं. तो आला, नाल्यातलं पाणी बघून डोक्याला हात लावला, पण मला एका शब्दानं बोलला नाही. सकाळी भाडेकरू चाव्या घ्यायच्या आत टाकी भरून देतो मॅडम, कोणाला कळणार नाही, म्हणाला. माझ्याच भल्यासाठी त्यानं टँकर बोलावले आहेत. दोन गेटवर लागले. गीतांजली मॅडमचा फोन वाजून वाजून बंद पडला. घरून आईचे कितीतरी येऊन गेले. ती विचारेल, तुझे बाबा कुठं आहेत, आणि मी काय दाखवू?

खाली उतरायला मी तयार आहे. पण उतरायचं तर माझा टॅग लावावा लागेल आणि वर कोणावर तरी भरवसा ठेवावा लागेल. प्रफुल पाटीपाशी उभा आहे, त्याचं लक्ष सारखं खिळ्याकडे जातंय. दुसऱ्याचा टॅग कसा काढायचा ते त्यानं माझ्याकडूनच बघितलं आहे.

"मॅडम, अंकल तो गाडी में बैठे हैं ना," तो म्हणतो. "मग हा टॅग कोणाचा? काढू का?"

मी पाय आत सोडून टाकीच्या तोंडावर बसले आहे, म्हणजे झाकण लावता येणार नाही.